संथ वाटणाऱ्या कौटुंबिक सिनेमात नेमकं बघायचं काय?

कोथरूडमधल्या एका सोसायटीत सहा-सात जण दर रविवारी संध्याकाळी एका घरी जमून सिनेमा बघतात. रहस्यपट असला की बैठक रंगते. नावाजलेला कौटुंबिक सिनेमा लावला की मात्र निम्मे जण अर्ध्या तासात फोन काढतात आणि 'काहीच घडत नाही' म्हणतात. उरलेल्यांना तो आवडतो, पण काय आवडलं ते सांगता येत नाही. ज्यांच्या घरी जमतात त्यांच्या ७८ वर्षांच्या आईंचं म्हणणं वेगळंच आहे: 'हे तर आपल्याच घरातलं, त्यात बघायचं काय?' या मंडळींनी विचारलंय की असे सिनेमे बघायचे कसे, संयत सिनेमा आणि नुसता रेंगाळणारा सिनेमा ओळखायचा कसा, आणि सुरुवात कुठून करायची.

आईंचं म्हणणं शेवटासाठी राखून ठेवू या. बरंचसं उत्तर त्यातच आहे.

'काहीच घडत नाही' म्हणणाऱ्यांना अरसिक ठरवू नका, ते खरं तेच सांगताहेत. आपण नाटकावर वाढलेली माणसं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर भावना आवाजात आणि वाक्यात यावीच लागते, त्यामुळे आपला कान वाक्याची वाट बघतो. त्यावर मालिकांचा थर चढला. बातमी फुटली की तीनदा झूम, मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आळीपाळीनं थांबणारा कॅमेरा, वर दणदणीत संगीत. इतक्या ठिकाणी बोट दाखवून मिळालं, की जिथं कोणी बोट दाखवत नाही तिथं काही नाहीच असं वाटणार.

पण आपल्या घरांत भांडण होतं ते कसं? चहाचा कप ओट्यावर जरा जोरात ठेवला जातो. 'तुम्ही बसा, मी नंतर जेवते' असं ऐकू येतं. 'राहू दे, मी करतो' या चार शब्दांत आठवड्याचा राग असतो. दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला निरोप मुलाकरवी जातो: 'बाबांना विचार, दळण आणणार आहेत का.' घरातल्या माणसाला हे सगळं लख्ख कळतं, पाहुण्याला पत्ताही लागत नाही. संयत कौटुंबिक सिनेमा प्रेक्षकाला पाहुण्याच्या खुर्चीवरून उठवून घरात आणू बघतो. या घरात कोण कधी उठतं, कोण कुठं बसतं, कोणाची वस्तू कुठं असते, हे दाखवायला त्याला पहिला अर्धा तास लागतो. नेमका त्याच अर्ध्या तासात तुमच्याकडे फोन निघतात. पुढच्या तासाभरात त्या घरातलं काहीतरी बदलतं, आणि आधी कसं होतं हे ज्यानं पाहिलेलंच नाही त्याला तो बदल दिसायचं कारण नाही.

तेव्हा पुढे काय होणार याचा माग सोडा आणि चार गोष्टींचा माग घ्या: ताट, हात, दार आणि आवाज.

ताटापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत सोपं. जिओ बेबी यांचा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) पावणेदोन तासांच्या आत संपतो आणि त्यातला फार मोठा भाग स्वयंपाकघरात जातो. नवी सून, शिक्षक नवरा, सासरे. नवराबायकोला नावंसुद्धा दिलेली नाहीत. जेवणाचं टेबल नीट बघा. आधी पुरुष जेवतात. शेवग्याच्या शेंगा चघळून झालेला चोथा ताटात न ठेवता टेबलावरच टाकलेला असतो. ते उठून जातात आणि बायका त्याच खरकट्यासमोर जेवायला बसतात. कोणी एक अक्षर बोलत नाही. पुढे एकदा दोघं बाहेर हॉटेलात जेवायला जातात तेव्हा ती हसत हसत म्हणते, की बाहेर तुम्हाला बरं नीट जेवता येतं. तो दुखावतो आणि तिला माफी मागावी लागते. टेबलावरचा चोथा ज्यानं आधी पाहिलेला नाही, त्याला हा प्रसंग क्षुल्लक कुरबुरीचा वाटेल.

त्या घरात आवाज कोणी चढवत नाही, हे विशेष लक्षात घ्या. सासरे अगदी सौम्य बोलतात. चटणी मिक्सरवरची आहे हे त्यांना कळतं, त्यांना दगडावर वाटलेली हवी असते. भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचा हवा असतो. कपडे मशीनमध्ये लवकर विरतात, म्हणून ते हातानं धुवायचे. एकेक मागणी सुटी ऐकली तर वावगी वाटत नाही. म्हणून ती सुटी ऐकायची नाही, बेरीज करत जायचं. सिंकखालचा पाइप गळतोय, प्लंबर बोलवा, असं ती सांगते. नवरा हो म्हणतो आणि विसरतो. हा विषय किती वेळा निघतो आणि दर वेळी तो काय उत्तर देतो, हे दुसऱ्यांदा बघताना कागदावर लिहा. शेवटी तेच खरकटं पाणी त्या दोघा पुरुषांवर फेकलं जातं. (शेवट सांगून टाकतोय, कारण असल्या सिनेमाचं शेवट कळल्यानं काही बिघडत नाही.) तो शेवट मुळीच संयत नाही, तरी तो पटतो. पाणी थेंबाथेंबानं साठताना आपण बघितलेलं असतं.

आता हात. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'ची (१९६४) सुरुवातीची सुमारे सात मिनिटं जवळजवळ संवादाविना आहेत. रुमालावर भरतकाम करणारे चारूचे हात पहिल्यांदा दिसतात, ते एक अक्षर भरताहेत: बी, म्हणजे नवऱ्याच्या भूपती या नावाचं आद्याक्षर. नोकराला हाक मारून ती नवऱ्याचा चहा पाठवायला सांगते. मग कपाटातून पुस्तक काढते, गुणगुणते, दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जात रस्त्यावरची माणसं न्याहाळते. इतक्यात नवरा पुस्तकात डोकं खुपसून व्हरांड्यातून तिच्या अगदी जवळून जातो. त्याला ती दिसतच नाही. तो पाठमोरा झाल्यावर ती दुर्बीण उचलून त्याच्याकडे बघते. रस्त्यावरच्या अनोळखी लोकांकडे जशी बघत होती, तशीच. मग दुर्बीण खाली येते आणि कॅमेरा झटकन तिच्यापासून दूर होतो. 'माझ्या नवऱ्याला माझ्यासाठी वेळ नाही' हे वाक्य सिनेमात आणखी कुठं ठेवायची गरजच उरत नाही. सिनेमाच्या शेवटी पुन्हा हातच आहेत. तिचा पुढे झालेला, त्याचा पुढे झालेला, आणि ते मिळायच्या आत चित्र गोठतं. पहिल्या सात मिनिटांतले हात लक्षात असतील तर त्या शेवटच्या दोन हातांमधलं अंतर किती मोठं आहे ते कळतं.

दाराबद्दल थोडक्यात. मराठी प्रेक्षकाला हे शिकवावंच लागत नाही, वाड्यात आणि चाळीत दार लोटून घेणं हीसुद्धा बातमी असायची. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'वरून (१९७०) बासू चटर्जींनी 'पिया का घर' (१९७२) केला. नव्या जोडप्याला एकांत नाही, एवढीच गोष्ट. त्यात माणसं दारातून आत-बाहेर किती वेळा करतात ते नुसतं मोजा. सिनेमा हलकाफुलका आहे, पण जागेची अडचण संवादाविना कशी दाखवावी याचा धडा म्हणून सुरुवातीच्या बैठकींसाठी उत्तम. मल्याळम दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन हे आपल्या पुण्याच्या एफटीआयआयचेच, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचेच, विद्यार्थी. त्यांच्या 'एलिप्पत्थायम'मध्ये (१९८१) हीच गोष्ट जड होऊन येते. जुन्या घराण्याचा कर्ता पुरुष बारीकसारीक कामासाठी बहिणीला हाका मारतो, स्वतः जागचा हलत नाही, आणि ते घरच त्याचा सापळा होतं. हा मात्र सगळ्यात शेवटी बघा, आधी बघितलात तर मंडळी पुढच्या रविवारी येणार नाहीत.

आवाजाकडे आपण सगळ्यांत कमी लक्ष देतो, आणि निम्मा सिनेमा तिथं असतो. उदाहरण घरचंच आहे. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) व्ही. शांताराम यांनी नेहमीचं पार्श्वसंगीत बाजूला ठेवून प्रसंगातलेच आवाज वापरले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी, आणि त्या घरातलं लंबकाचं घड्याळ. शांता आपटे आणि केशवराव दाते यांचे प्रसंग बघताना घड्याळाकडे कान ठेवा, म्हाताऱ्याचं वय कोणी सांगायची गरज पडत नाही. हे काम लॉ कॉलेज रस्त्यावर झालं, आज जिथं एफटीआयआय आहे तिथल्याच स्टुडिओत. बोलपट सुरू होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

दुसरं उदाहरण राय यांच्याच 'पथेर पांचाली'तलं (१९५५), आणि ते उलट्या बाजूचं आहे. हरिहर पुष्कळ दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून दाखवतो आणि दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. सर्वजया कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजतं, वरच्या पट्टीत. इथं संगीत भावनेला फोडणी द्यायला आलेलं नाही, ते रडण्याच्या जागेवर बसलंय. संयत सिनेमात संगीत नसतं असं काही नाही. संगीतानं कोणाची जागा घेतली, एवढं विचारायचं.

या सगळ्यासाठी आधी टीव्ही ठीक करावा लागतो. हे किरकोळ वाटेल, पण निम्म्या कंटाळ्याचं कारण इथं सापडतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला असतो. नवे टीव्ही त्या चौकटींच्या मधे स्वतःच्या चौकटी भरून हालचाल गुळगुळीत करतात, त्यामुळे राय यांचा सिनेमाही मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये मोशनच्या नावाचं जे असेल ते बंद करा आणि पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. 'व्हिव्हिड'मध्ये अंधाऱ्या माजघरातला अंधार निघून जातो, आणि तो अंधार छायालेखकानं मुद्दाम ठेवलेला असतो. ट्यूबलाइट बंद, टीव्हीच्या मागे एक मंद दिवा चालेल. ४३ इंची टीव्ही असेल तर सहा फुटांच्या आत बसा. सोफा भिंतीला लावून बारा फुटांवरून बघितलं तर हात दिसणारच नाहीत. आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारी सोय असते, तीही काढून टाका, कारण ती संवाद वर आणताना भांड्यांचे, पावसाचे, शेजारच्या रेडिओचे आवाज दाबते. सिलिंग फॅनची घरघर तेच करते. तो एकवर ठेवा. आणि चहा-पोहे आधी उरकून घ्या. मध्ये खाणं आलं की पंधरा मिनिटं गेली.

बघायची पद्धत सांगतो. सतीश बहादूर यांनी एफटीआयआयमध्ये रसास्वाद शिकवताना 'पथेर पांचाली' शॉटशॉटनं उलगडून दाखवायची वाट पाडली, तिचंच हे घरगुती रूप समजा. आधी पूर्ण सिनेमा एकदा, न थांबवता. मध्ये कोणी 'हा कोण?' विचारलं तरी पॉज नाही. मग त्यातला दहा मिनिटांचा तुकडा निवडा, शक्यतो जेवणाचा, निरोपाचा किंवा पाहुणे आल्याचा. तो आवाज पूर्ण बंद करून बघा. नंतर सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करून तोच तुकडा नुसता ऐका. शेवटी आवाज आणि चित्र एकत्र. प्रत्येकाकडे कागद, त्यावर तीन रकाने: कोण कुठं आहे, हातात काय आहे, कोणत्या बोलण्याला उत्तर मिळालं नाही. सिनेमाचा वेळ सोडला तर हे सगळं पाऊण तासात होतं.

तिसऱ्या रकान्यावर भर द्या. घरगुती सिनेमात नाट्य बहुतेक वेळा तिथंच असतं. कोणीतरी काही म्हणतं आणि समोरचा दुसऱ्याच विषयावर बोलतो, किंवा उठून पाणी प्यायला जातो. पटकथाकारानं तिथं वाक्य लिहिलेलं नसतं, पण तो प्रसंग त्या न लिहिलेल्या वाक्यासाठीच लिहिलेला असतो.

अभिनय बघताना बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघा. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'त (१९७३) बलराज साहनींनी केलेला सलीम मिर्झा एकेका जवळच्या माणसाला पाकिस्तानच्या गाडीत बसवून देतो. फाळणीनंतरचं आग्रा. निरोप पुन्हा पुन्हा येतात, आणि साहनी दर वेळी जवळजवळ तेवढंच करतात: उभं राहणं, बघणं, वळणं. फरक खांद्यांत आणि चालीत पडतो. दोन निरोप लागोपाठ लावून बघितले तर तो दिसतो, दीड तासाच्या अंतरानं बघितले तर फक्त जाणवतो. चेहरा कोरा ठेवणं म्हणजे संयत अभिनय, असा एक गैरसमज आहे. माणूस काहीतरी आवरतोय हे दिसलं पाहिजे, म्हणजे आवरण्यासारखं काही आधी आत असलं पाहिजे.

आता संयत आणि रेंगाळणारा यांतला फरक. हा प्रश्न रास्त आहे. मंद सिनेमा म्हणजे चांगला सिनेमा ही समजूत महोत्सवांच्या रांगांमध्येही भेटते आणि तिनं बऱ्याच सुमार सिनेमांना अभय मिळालंय. एक कसोटी अशी की लांब शॉट संपताना तुम्हाला सुरुवातीपेक्षा जास्त काही माहीत झालं का? कोणी कोणाकडे बघायचं टाळलं, कोणी ठरवून उठलं, बाहेरचा आवाज थांबला, काहीही चालेल. काहीच बदललं नसेल, तर दिग्दर्शकाला कात्री लावता आली नाही एवढाच अर्थ. दुसरी कसोटी: पात्रं गप्प आहेत, पण सिनेमा गप्प आहे का? संवाद काढून त्या जागी मंद पियानो, खिडकीवर ओघळणारा पाऊस, निळसर रंग आणि पाठमोरी नायिका घातली की सिनेमा संयत होत नाही. तेच बोट दाखवणं, फक्त मऊ हातमोजा घालून. असे सिनेमे अलीकडे फार येतात, आणि हे खटकतं, कारण त्यांच्यामुळे प्रेक्षक खऱ्या संयत सिनेमापासून दूर पळतो. तिसरी कसोटी नैतिक आहे. दोषी माणूस पहिल्या वीस मिनिटांत ठरला आणि शेवटपर्यंत तोच राहिला, तर आवाज कितीही हळू असो, तो सिनेमा निकालपत्र वाचून दाखवतोय.

या तिसऱ्या कसोटीला उतरणारा सिनेमा म्हणून मृणाल सेन यांचा 'खारिज' (१९८२) आवर्जून बघा. कोलकात्यातलं मध्यमवर्गीय जोडपं आणि कामाला ठेवलेला लहान मुलगा. थंडीच्या रात्री तो स्वयंपाकघरात झोपतो. कोळशाची शेगडी, हवा जायला वाट नाही, सकाळी मुलगा मेलेला सापडतो. यानंतर सिनेमात कोणी खलनायक येत नाही. पोलीस चौकशीला येतात, घरमालकाला झरोक्याचं विचारलं जातं, शेजारी कुजबुजतात, आणि नवराबायको एकमेकांशी अतिशय सभ्य भाषेत जबाबदारीची वाटणी करत राहतात. त्यांच्या संवादात 'आपण' कधी 'तू' होतो तिकडे कान ठेवा. मुलाचा बाप गावाहून येतो. तो आता हात उगारेल अशी भीती त्या घराला आणि आपल्यालाही वाटत राहते. शेवटी तो साधा निरोप घेऊन जातो. त्यानं मारलं असतं तर हिशेब मिटला असता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुमच्या बैठकीत दोन तट पडतील. रडवणारा सिनेमा कमी दर्जाचा नसतो. ऋत्विक घटक यांनी 'मेघे ढाका तारा'मध्ये (१९६०) नायिका नीताला विश्वासघात कळतो त्या क्षणी चाबकाचे फटकारे ऐकवलेत. संयतपणा औषधालाही नाही, आणि तो सिनेमा भारतीय कुटुंबावरच्या सर्वांत थोर सिनेमांपैकी एक आहे. १९६५च्या सुमारास घटक पुण्यात एफटीआयआयमध्ये शिकवत होते, आणि त्यांचे विद्यार्थी पुढे एकमेकांसारखे न होता आपापल्या वाटेनं गेले. 'माहेरची साडी'ला रडणाऱ्या बायकांना हसणारा रसिक मला रसिक वाटत नाही. प्रश्न इतकाच, की भावना त्या घरातून आली की बाहेरून आणून ठेवली.

परभाषेतला सिनेमा बघताना सबटायटलमध्ये सगळ्यांत आधी नाती गळतात. 'चारुलता'मध्ये भूपतीचा नात्यातला धाकटा भाऊ अमल चारूला 'बौठान' म्हणतो, म्हणजे वहिनी. तो शब्द दोघांमध्ये किती अंतर राखतो आणि कधी राखू शकत नाही, हे कानांनीच कळतं. बंगालीत आपनि, तुमि, तुइ या तीन पायऱ्या आहेत. आपल्याला त्या ओळखणं सोपं आहे, आपण, तुम्ही, तू हे आपल्या तोंडी रोज असतंच. इंग्रजी सबटायटलमध्ये तिन्हींचं एकच रूप होतं. मल्याळममध्ये 'चेट्टन' म्हणजे दादा, 'चेची' म्हणजे ताई, 'अच्छन' म्हणजे वडील, 'अम्मा' तर कळेलच. एवढे शब्द सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगून टाका. आणि डब केलेली आवृत्ती नको. डबिंगमध्ये संवाद स्टुडिओतले असतात, खोलीतला श्वास आणि पायांचे आवाज निघून गेलेले असतात.

चर्चेसाठी एक नियम करा आणि तो मोडू देऊ नका: पहिली पंधरा मिनिटं फक्त काय दिसलं नि काय ऐकू आलं ते बोलायचं. 'मला वाटतं', 'याचा अर्थ', 'हे प्रतीक आहे', सगळं नंतर. पुण्यात प्रतीकाची घाई फार. घड्याळ दिसलं की काळ, पिंजरा दिसला की गुलामी, आणि मग बघणं थांबतं. घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे, कोणाच्या पलंगासमोर आहे, त्याला चावी कोण देतं, इथपर्यंत आधी या. प्रतीक असेल तर आपोआप हाताशी येईल.

क्रम हवा असेल तर मराठीपासून सुरू करा, कारण 'असू दे' आणि 'राहू दे' यांतला फरक आपल्याला सबटायटलशिवाय कळतो. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४): वडील गेलेला मुलगा, बदली होऊन कोकणात आलेली आई. आईचं ऑफिस आणि मुलाची शाळा असे दोन वेगळे सिनेमे चालतात आणि ते घरात जेवताना तेवढे भेटतात. त्या भेटी मोजा. मग सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशात हत्तीमागे निघून जातात. इरावती हर्षे यांनी केलेली मुलगी त्यांना शोधत असताना घरातलं प्रत्येक माणूस थकलेलं आहे आणि प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबर आहे. तिकडे अमृता सुभाष यांनी केलेली माहुताची बायको, जिची भाषाही वेगळी, त्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. तिला कारणं लागत नाहीत आणि मुलीला कारणंच कारणं आहेत. या दोघींचे प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून बघा. मग 'पिया का घर', मग 'द ग्रेट इंडियन किचन', 'खारिज', 'चारुलता', आणि धीर आला की 'एलिप्पत्थायम'. महिन्याला दोन पुरे. उरलेल्या रविवारी तुमचे रहस्यपट सुखेनैव बघा, त्यांनी नजर बिघडत नाही. आणि लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात यातला एखादा मोठ्या पडद्यावर लागला, तर टीव्हीवर बघितलेला असला तरी जा. पथेर पांचालीतली काळोखी अंगणं टीव्हीवर दिसतच नाहीत.

आता आई. 'हे तर आपल्याच घरातलं, त्यात बघायचं काय?' यातली 'आपल्याच घरातलं' ही ओळख पटायला तुम्हा बाकीच्यांना कागद आणि तीन रकाने लागले, त्यांना ती बसल्याजागी पटली. कंटाळा त्यांना सिनेमाचा येत नसेल, जे जन्मभर केलं ते पुन्हा बघण्याचा येत असेल. तेव्हा त्यांना पुढची खुर्ची द्या आणि 'द ग्रेट इंडियन किचन'मधला वाटणाचा प्रसंग फक्त त्यांच्यासाठी लावा. आधी विचारा: सहा माणसांची ओल्या खोबऱ्याची चटणी पाट्यावर वाटायला किती वेळ लागायचा, कंबर कधी भरून यायची, मिक्सर घरात कोणत्या साली आला, तो आणायला कोणी हरकत घेतली होती. त्या सांगतील ते कोणीतरी मधे न बोलता लिहून घ्या. मग प्रसंग लावा, घड्याळ लावून तो किती सेकंद चालतो ते मोजा, आणि त्यांनी सांगितलेल्या मिनिटांशेजारी तो आकडा लिहा.